प्लॅटिनमची कर्करोगविरोधी औषधे आणि प्रथिनांशी त्यांचे बंधन

सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झालिप्लॅटिन ही प्लॅटिनम धातूची तीन संयुगे जगभरच्या कर्करोग-रुग्णालयांत रोजच्या वापरात आहेत. त्यांच्या कार्याचे जे वर्णन पाठ्यपुस्तकांत आढळते ते सुटसुटीत आहे : औषध पेशीत शिरते, पेशीकेंद्रकातील डीएनएला बांधले जाते, डीएनएच्या दुहेरी सर्पिलाला त्या ठिकाणी वाक येतो, पेशीला आपली जनुकीय प्रत काढता येत नाही आणि अखेर ती मरते. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु रुग्णाच्या शिरेतून दिलेल्या प्लॅटिनमचा पुरता हिशेब मांडू गेल्यास ते त्यातील फार थोड्या अंशाला लागू पडते. पेशीच्या आत पोहोचलेल्या प्लॅटिनमपैकी साधारणतः एक टक्क्याच्या आसपास भागच केंद्रकातील डीएनएला बांधला जातो, असा अंदाज या क्षेत्रातील ग्रंथांत वारंवार दिलेला असतो, आणि पेशीपर्यंत न पोहोचता वाटेतच अडकणारा भाग त्याहून कितीतरी मोठा असतो. या उरलेल्या प्लॅटिनमपैकी पुष्कळसे प्रथिनांना जाऊन मिळते. ते तेथे नेमके कशाला बांधले जाते, ते बंधन सुटते की कायमचे राहते, आणि त्यामुळे औषधाचा गुण वाढतो, घटतो की त्याचा केवळ त्रास वाढतो, या प्रश्नांवर गेली चार-पाच दशके संशोधन चालू आहे.

सिसप्लॅटिन हा रेणू औषध म्हणून पुढे येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी तयार झालेला होता. इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने यांनी १८४० च्या दशकात तो बनवला आणि आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये अशा जटिल संयुगांच्या रचनेचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याच्या घडणीचा उलगडा झाला. मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी विद्युतक्षेत्राचा जिवाणूंवरील परिणाम तपासत असताना प्लॅटिनमच्या विद्युताग्रापासून निर्माण झालेल्या संयुगांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबते, हे त्यांना आढळले. ते निरीक्षण १९६५ मध्ये आणि उंदरांमधील गाठींवरील परिणाम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत सिसप्लॅटिनला १९७८ मध्ये, कार्बोप्लॅटिनला १९८९ मध्ये आणि ऑक्झालिप्लॅटिनला २००२ मध्ये मान्यता मिळाली. जपानमध्ये नेडाप्लॅटिन आणि चीनमध्ये लोबाप्लॅटिन ही त्याच कुळातील औषधे वापरली जातात.

प्रथिनांशी होणारे बंधन समजण्यासाठी या रेणूंचे रसायनशास्त्र थोडे जवळून पाहावे लागते. सिसप्लॅटिनमध्ये प्लॅटिनमच्या अणूभोवती एका चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार घटक असतात : एका बाजूच्या दोन कोपऱ्यांवर अमोनिया आणि दुसऱ्या बाजूच्या दोन कोपऱ्यांवर क्लोराइड. मध्यवर्ती धातूला अशा रीतीने जोडलेल्या घटकाला लिगंड म्हणतात. अमोनियाचे बंध मजबूत असतात; क्लोराइडचे बंध सैल असून त्यांची जागा पाण्याचा रेणू घेऊ शकतो आणि मग पाण्याची जागा एखादा जैव रेणू सहज घेतो. रक्तात क्लोराइडचे प्रमाण दर लिटरला सुमारे १०० मिलिमोल असल्याने हा बदल तेथे दबून राहतो, तर पेशीच्या आत ते प्रमाण पुष्कळच कमी, बहुधा ४ ते २० मिलिमोलच्या दरम्यान, असल्याने तेथे रेणू जागा होतो. सिसप्लॅटिन मिठाच्या द्रावणातूनच रुग्णाला दिले जाते, त्याचेही कारण हेच. कार्बोप्लॅटिनमध्ये दोन क्लोराइडांच्या जागी एकाच सेंद्रिय आम्लाचे वलयाकार बंधन असल्याने ते फार सावकाश सुटते. ऑक्झालिप्लॅटिनमध्ये क्लोराइडच्या जागी ऑक्झलेट आणि अमोनियाच्या जागी डायअमिनोसायक्लोहेक्झेन हा मोठा, चिवट गट असतो.

मात्र पाण्यामार्फत जाण्याची ही पायरी गंधकाला नेहमीच लागत नाही, आणि प्रथिनांचा प्रश्न येथूनच वेगळा होतो. राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये धातूंचे व त्यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या अणूंचे ‘कठीण’ आणि ‘मृदू’ असे जे वर्गीकरण मांडले, त्यात द्विसंयुजी प्लॅटिनम मृदू गटात पडतो आणि गंधकही त्याच गटात पडतो. मृदू मृदूकडे ओढला जातो, असा त्या मांडणीचा नियम आहे. प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी सिस्टीन आणि मेथिओनिन या दोहोंत गंधक असते, तर हिस्टिडिनच्या वलयातील नायट्रोजनही प्लॅटिनमला जागा देऊ शकतो. वरवर पाहता सिस्टीन आणि मेथिओनिन सारखेच वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे वागणे फार निराळे आहे. सिस्टीनचे गंधक हायड्रोजन सोडून ऋणभारित होऊ शकते आणि मग प्लॅटिनमशी झालेला त्याचा बंध जवळजवळ कायमचा ठरतो, दोन प्लॅटिनम अणूंना जोडणाऱ्या पुलासारखेही ते वागू शकते. मेथिओनिनचे गंधक दोन्ही बाजूंनी कार्बनला जोडलेले असल्याने ते भाररहित राहते. ते प्लॅटिनमला लवकर पकडते, पण सोडूही शकते.

गंधकाचा आणखी एक गुण येथे लक्षात घेतला पाहिजे. चौरस रचनेत एका कोपऱ्यावर बसलेला लिगंड आपल्या समोरच्या कोपऱ्यावरील बंध सैल करू शकतो, हे रशियन रसायनज्ञ इल्या चेर्न्यायेव यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले आणि या परिणामात गंधकाचा क्रमांक बराच वर लागतो. त्यामुळे मेथिओनिनला वा सिस्टीनला बांधल्या गेलेल्या सिसप्लॅटिनमधून एरवी मजबूत मानला जाणारा अमोनियाही गळून पडतो. डीएनएला बांधल्यावर दोन्ही अमोनिया टिकतात. प्रथिनांत ते टिकतीलच असे नाही. म्हणजे एकच औषध दोन ठिकाणी दोन निराळी संयुगे होऊन बसते, आणि ‘प्रथिनाला सिसप्लॅटिन बांधले गेले’ हे वाक्य काटेकोर अर्थाने बहुधा चुकीचे असते. बांधला जातो तो प्लॅटिनम आणि सिसप्लॅटिनचा उरलासुरला भाग.

शिरेतून सोडलेल्या प्लॅटिनमला पहिले मोठे प्रथिन भेटते ते ॲल्ब्युमिन. रक्तद्रवात दर लिटरला ३५ ते ५० ग्रॅम इतके ते असते, आणि उपचाराच्या वेळी रक्तात जेवढे प्लॅटिनम असते त्याच्या कित्येक पट त्याच्या रेणूंची संख्या असते. ५८५ अमिनो आम्लांच्या या साखळीत ३५ सिस्टीन असून त्यांपैकी ३४ आपापसांत जोड्या करून बसलेली असतात; ३४ व्या क्रमांकावरील सिस्टीन तेवढे मोकळे राहते. मेथिओनिन सहा आहेत. सिसप्लॅटिनच्या अमेरिकी औषधपत्रकातील नोंदीनुसार एकदम दिलेल्या मात्रेनंतर तीन तासांत रक्तद्रवातील ९० टक्के प्लॅटिनम प्रथिनांना बांधलेले आढळते, आणि ॲल्ब्युमिनशी झालेले त्याचे बंधन फारसे सुटत नाही. ते किमान पाच दिवसांच्या अर्धायुकालाने हळूहळू शरीराबाहेर जाते. म्हणूनच औषधशास्त्रात या औषधांची मात्रा आणि परिणाम यांचा मेळ घालताना एकूण प्लॅटिनम न मोजता प्रथिने गाळून काढल्यावर उरणारे ‘मुक्त’ प्लॅटिनम मोजतात.

ॲल्ब्युमिनच्या नेमक्या कोणत्या जागी प्लॅटिनम बसतो, याचे उत्तर दोनदा बदलले आहे. मोकळे सिस्टीन एकच आणि प्लॅटिनमला गंधक प्रिय, म्हणून ३४ व्या क्रमांकाचे सिस्टीन हीच जागा असणार, असे बराच काळ धरून चालले जात होते. पीटर सॅडलर यांच्या गटाने नायट्रोजनच्या १५ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाने अमोनिया चिन्हांकित करून चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने तपासले असता, १९९८ मध्ये, पृष्ठभागावर उघड्या असलेल्या २९८ व्या मेथिओनिनचे महत्त्व पुढे आले. मेथिओनिनचे गंधक आणि जवळचा नायट्रोजन मिळून प्लॅटिनमला दोन्हीकडून धरतात, असे ते चित्र होते. त्यानंतर २०१५ मध्ये इटलीतील ल्युइजी मेसोरी आणि आंतोनेल्लो मेर्लिनो यांच्या गटांनी ॲल्ब्युमिन आणि सिसप्लॅटिन यांच्या संकुलाची क्ष-किरण रचना प्रसिद्ध केली, तेव्हा १०५ व्या क्रमांकाचे हिस्टिडिन आणि ३२९ व्या क्रमांकाचे मेथिओनिन या जागा ठळक दिसल्या. या निष्कर्षांत विरोध शोधण्याचे कारण नाही. अनुस्पंदनाची पद्धत द्रावणातील, अमोनिया शाबूत असलेले रेणूच पाहू शकते, आणि क्ष-किरणांना स्फटिकात ज्या जागी पुरेसे प्लॅटिनम साचले आहे तेवढ्याच जागा दिसतात. मोकळ्या सिस्टीनला मिळालेले जुने महत्त्व मात्र आता कमी केले पाहिजे. ते एका खोबणीत दडलेले असते आणि काही रेणूंत आधीच अडवलेलेही असते.

कार्बोप्लॅटिनचे रक्तातील चित्र याहून निराळे आहे. ते स्वतः प्रथिनांना जवळजवळ बांधले जात नाही आणि त्याचा मोठा भाग मूत्रपिंडावाटे न बदलता निघून जातो. जो प्लॅटिनम त्यातून सुटतो तोच प्रथिनांना कायमचा चिकटतो. या साध्या वस्तुस्थितीमुळे ॲलन कॅल्व्हर्ट यांना १९८९ मध्ये मात्रा ठरवण्याचे जे सूत्र देता आले ते आजही रुग्णांच्या खाटेपाशी वापरले जाते : मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिलिलिटर प्रति मिनिट या एककात घ्यावी, तीत २५ मिळवावेत आणि आलेल्या बेरजेला औषधाच्या अपेक्षित संपर्काने गुणावे. यातील २५ हा आकडा मूत्रपिंडाखेरीज अन्य मार्गाने, मुख्यतः ऊतींना बांधले जाऊन, नाहीसे होणाऱ्या औषधाचा आहे. प्रथिनांच्या रसायनशास्त्राशी काहीही देणेघेणे नसल्यासारखे वाटणारे हे सूत्र त्या रसायनशास्त्राची किंमत एका स्थिरांकात मांडून मोकळे झालेले आहे. ऑक्झालिप्लॅटिन रक्तद्रवातील प्रथिनांखेरीज तांबड्या पेशींतही शिरते आणि तेथे कायमचे अडकून राहते; तेथे त्याचा औषध म्हणून काही उपयोग दिसत नाही.

ही माहिती ज्या साधनांनी मिळाली त्यांच्या मर्यादा या विषयात जितक्या महत्त्वाच्या ठरल्या आहेत तितक्या क्वचितच अन्यत्र ठरल्या असतील. एखाद्या नमुन्यात एकूण प्लॅटिनम किती, हे सांगणारे सर्वांत संवेदनक्षम साधन म्हणजे प्लाझ्मा ज्योतीत नमुन्याचे अणू सुटे करून त्यांचे वस्तुमान मोजणारे यंत्र. पण ते करताना रेणू नष्ट होतो आणि प्लॅटिनम कोठे बसला होता ते कळत नाही. प्रथिनाचा अखंड रेणू विद्युतभारित तुषारांच्या रूपाने यंत्रात सोडून त्याचे वस्तुमान मोजले तर प्लॅटिनमबरोबर कोणते लिगंड अजून चिकटून आहेत, हे वस्तुमानातील फरकावरून ओळखता येते. प्लॅटिनमचे १९४, १९५, १९६ आणि १९८ हे समस्थानिक निसर्गात ठरावीक प्रमाणात आढळत असल्याने वस्तुमानाच्या आलेखावर त्यांची शिखरांची विशिष्ट रांग उमटते आणि प्लॅटिनम असलेला तुकडा त्यावरून ओळखला जातो. येथेही एक अडचण आहे. प्रथिनांच्या नेहमीच्या विश्लेषणात त्यांचे दुहेरी गंधकबंध तोडण्यासाठी डायथायोथ्रेटॉलसारखी गंधकयुक्त रसायने घालतात, आणि तीच रसायने प्लॅटिनमला प्रथिनापासून ओढून घेतात. ज्या बंधनाचा शोध घ्यायचा तेच शोधाच्या तयारीत पुसले जावे, असा हा प्रकार असून जुन्या काही प्रयोगांत प्लॅटिनम न सापडण्याचे कारण तेथे शोधावे लागते.

क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे. अशा अभ्यासांसाठी सर्वांत अधिक वापरले गेलेले प्रथिन म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम. १२९ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे स्फटिक चटकन वाढतात, आणि त्यात हिस्टिडिन एकच, १५ व्या क्रमांकावर, असल्याने प्लॅटिनम तेथे बसलेला स्पष्ट दिसतो. त्याचप्रमाणे बैलाच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएजमध्ये २९ व्या मेथिओनिनजवळ आणि गाईच्या तांबे-जस्तयुक्त सुपरऑक्साइड डिस्म्युटेजमध्ये १९ व्या हिस्टिडिनजवळ प्लॅटिनम आढळला आहे. प्लॅटिनममध्ये ७८ इलेक्ट्रॉन असल्याने क्ष-किरणांना तो दिसतोच दिसतो. त्याच्याभोवतीचे लिगंड ओळखणे हेच खरे अवघड. अमोनिया आणि पाणी या दोन्ही रेणूंत इलेक्ट्रॉन दहाच असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची घनता दाखवणाऱ्या नकाशात ते सारखेच दिसतात. शिवाय स्फटिकातील प्रत्येक रेणूत प्लॅटिनम बसलेला नसतो, काहींतच असतो, त्यामुळे आधीच पुसट असलेली लिगंडांची चिन्हे अधिकच पुसट होतात. अशा वेळी नकाशात जे दिसते त्यात जे दिसायला हवे ते भरण्याचा मोह आवरणे सोपे नसते.

मँचेस्टरचे जॉन हेलिवेल आणि त्यांचे सहकारी सायमन टॅन्ली यांनी लायसोझाइमशी सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन यांच्या बंधनाच्या अनेक रचना प्रसिद्ध केल्या आणि क्ष-किरण विवर्तनाच्या मूळ प्रतिमाही सर्वांसाठी खुल्या केल्या. इव्हान शाबालिन, झ्बिग्न्येव डाउटर, मारियुश यास्कोल्स्की, व्लादेक मायनर आणि अलेक्झांडर व्लोदावर यांनी २०१५ मध्ये प्रथिनांच्या जागतिक माहितीकोशातील सिसप्लॅटिन-कार्बोप्लॅटिनच्या संकुलांची फेरतपासणी करून काही ठिकाणी दाखवलेली लिगंडांची मांडणी उपलब्ध घनतेशी किंवा प्लॅटिनमच्या ज्ञात रसायनशास्त्राशी जुळत नसल्याचे दाखवून दिले. स्फटिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांनी हातात हात घालून चालले पाहिजे, असा त्यांचा इशारा होता. मूळ गटाने त्यास उत्तर दिले आणि वाद काही काळ चालला. या वादात कोणाची बाजू किती बरोबर, यापेक्षा एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : मूळ प्रतिमा खुल्या नसत्या तर ही तपासणी त्या खोलीपर्यंत गेलीच नसती, आणि ज्यांनी त्या खुल्या केल्या त्यांच्यावरच टीका झाली, हे त्यांच्या वैज्ञानिक सचोटीचे श्रेयच मानले पाहिजे. लायसोझाइमचे स्फटिक बहुधा भरपूर मीठ असलेल्या द्रावणात वाढवतात, आणि तेवढ्या क्लोराइडमध्ये कार्बोप्लॅटिनचे अंशतः सिसप्लॅटिनसारख्या संयुगात रूपांतर होऊ शकते. म्हणजे स्फटिकात दिसणारा प्लॅटिनम ज्या औषधाच्या नावाने नोंदला जातो त्याच औषधाचा असेल, याची खात्री तेवढ्यावरून देता येत नाही.

द्रावकाचा प्रश्नही याच जातीचा आहे. प्रयोगशाळांत न विरघळणारी औषधे विरघळवण्यासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रव सर्रास वापरला जातो. त्यात गंधक असते, ते क्लोराइडला हटवून प्लॅटिनमला जोडले जाते आणि सिसप्लॅटिनचे निराळेच संयुग तयार होते. मॅथ्यू हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या द्रवात विरघळवलेल्या प्लॅटिनम औषधांचा पेशीनाशक गुण कसा घटतो, हे दाखवून त्याचा वापर थांबवण्याचे आवाहन केले. तरीही पेशी-संवर्धनावरील कितीएक शोधनिबंधांत सिसप्लॅटिन याच द्रवात विरघळवल्याची नोंद आढळते. औषधास दाद न देणाऱ्या पेशींबद्दलचे त्यांतील निष्कर्ष त्या प्रमाणात सावधपणे वाचावे लागतात.

पेशीच्या आत शिरताना प्लॅटिनमची गाठ तांब्याची ने-आण करणाऱ्या प्रथिनांशी पडते. पेशीच्या आवरणात असलेले सीटीआर-१ हे प्रथिन तांबे आत घेते. त्याचा बाहेरचा भाग मेथिओनिनने समृद्ध आहे. सेइको इशिदा, डेनिस थिएल, आयरा हर्स्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यीस्ट आणि उंदराच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत हे प्रथिन नसल्यास सिसप्लॅटिन कमी प्रमाणात आत जाते, असे आढळले, आणि पुढील दशकभर ही कल्पना जवळजवळ सर्वमान्य झाली. नंतर जनुके नेमकेपणाने काढून टाकण्याचे तंत्र हाती आल्यावर मानवी पेशींतून हे जनुक काढले असता सिसप्लॅटिनला मिळणाऱ्या प्रतिसादात फारसा फरक पडत नसल्याचे अहवाल आले. दरम्यान, बर्लिनचे थॉमस येन्च आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पेशीचे आकारमान सांभाळणाऱ्या ऋणायन-वाहिन्यांतून, विशेषतः एलआरआरसी-८ कुळातील प्रथिनांच्या बनलेल्या वाहिन्यांतून, सिसप्लॅटिनचा मोठा भाग आत जातो, असे दाखवले. मेथिओनिनने प्लॅटिनमला पकडणे आणि त्या प्रथिनाने प्लॅटिनमला आत नेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा या उदाहरणातून मिळतो. सीटीआर-१ च्या तुकड्यांशी प्लॅटिनमची अभिक्रिया प्रयोगनळीत निर्विवाद होते, पण तेथून ते दार आहे असे ठरत नाही.

आत आलेल्या तांब्याला अन्य प्रथिनांपर्यंत पोहोचवणारे ॲटॉक्स-१ हे लहान प्रथिन दोन सिस्टीनांच्या चिमटीत तांब्याचा अणू धरते. एमी रोझेनझ्वाइग आणि एमी बोल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्फटिकरचनेत त्याच १२ व्या आणि १५ व्या सिस्टीनांशी प्लॅटिनम जोडलेला दिसतो. स्वीडनमधील पेर्निला विटुंग-स्टाफशेडे यांच्या गटाने २०११ मध्ये अशा बंधनानंतर प्रथिनाची घडी हळूहळू उलगडत जाते, असे नोंदवले. तांबे बाहेर टाकणाऱ्या एटीपी-७ए आणि एटीपी-७बी या पंपांचा, ज्यांच्या दोषांमुळे अनुक्रमे मेंकेस आणि विल्सन यांच्या नावाने ओळखले जाणारे विकार होतात, औषधप्रतिरोधाशी संबंध जोडला गेला आहे. ते पंप प्लॅटिनमला खरोखरच बाहेर ढकलतात की केवळ पकडून ठेवतात, यावर मतभेद आहेत.

पेशीतील प्लॅटिनमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक मात्र प्रथिन नसून ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू असू शकतो, कारण तो पेशीत ०.५ ते १० मिलिमोल इतका भरलेला असतो. त्याच्यानंतर मेटॅलोथायोनिनचा विचार करावा लागतो. साठ-अडुसष्ट अमिनो आम्लांच्या या प्रथिनात तब्बल वीस सिस्टीन असतात. एरवी ते जस्त साठवते, आणि प्लॅटिनम आला की जस्त सोडून त्याला धरते. या प्रथिनाची पातळी वाढवलेल्या पेशी कर्करोगाच्या काही औषधांना दाद देईनाशा होतात, असे १९८८ मध्ये दाखवले गेले होते. रुग्णांच्या गाठींत मात्र हा संबंध तितका सरळ आढळलेला नाही.

असे सर्वत्र गंधक पसरलेले असताना प्लॅटिनम डीएनएतील ग्वानिनच्या नायट्रोजनपर्यंत पोहोचतो तरी कसा, असा प्रश्न लायडेनचे यान रेडेइक यांनी १९९९ मध्ये एका परीक्षणलेखाच्या शीर्षकातच विचारला होता. त्याचे एक उत्तर मेथिओनिनच्या सैल पकडीत आहे. सॅडलर आणि रेडेइक यांच्या गटांच्या प्रयोगांतून मेथिओनिनला एका बाजूने बांधलेला प्लॅटिनम पुढे ग्वानिनकडे सरकू शकतो, असे दिसले. सिस्टीनच्या बाबतीत तसे होत नाही. हे खरे असल्यास मेथिओनिनयुक्त प्रथिने हा औषधाचा अपव्यय नसून साठा आहे, असे म्हणावे लागते. द्रावणात, सुट्या रेणूंमध्ये हे स्थलांतर सिद्ध झाले आहे. जिवंत पेशीत ते कितपत घडते याचा पुरावा तुलनेने कमी आहे, आणि ‘साठा’ हा शब्द अनेक लेखांत त्या पुराव्याच्या पुढे धावताना दिसतो.

प्लॅटिनमला थेट न बांधल्या जाणाऱ्या, पण प्लॅटिनमने वाकवलेल्या डीएनएला ओळखणाऱ्या प्रथिनांचा एक निराळा गट आहे. एमआयटीतील स्टीफन लिपार्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये उच्चगतिक गटातील एचएमजी-१ हे प्रथिन अशा डीएनएला बांधले जाते, हे दाखवले आणि १९९९ मध्ये त्याची स्फटिकरचना दिली. तीत ३७ व्या क्रमांकाच्या फेनिलॲलॅनिनचे वलय प्लॅटिनमपाशी उघडलेल्या खाचेत घुसलेले दिसते. असे प्रथिन दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेची वाट अडवते, अशी कल्पना मांडली गेली.

प्रथिनांशी होणाऱ्या बंधनाची सर्वांत स्पष्ट किंमत रुग्णाला दुष्परिणामांच्या रूपाने मोजावी लागते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशींमध्ये सेंद्रिय धनायन-वाहकांमार्फत सिसप्लॅटिन साचते. आतल्या कानातील शंखाकृती भागात ते महिनोन्‌महिने, बहुधा वर्षानुवर्षे राहते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उपचारानंतर वीस वर्षांनीही रक्तात प्लॅटिनमचा अंश सापडल्याची नोंद २००० साली झाली आहे. प्लॅटिनमच्या गंधकप्रेमाचाच वापर येथे संरक्षणासाठी करता येतो. सिसप्लॅटिन दिल्यानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलेल्या बालकांत श्रवणशक्ती घटण्याचे प्रमाण ३३ टक्के, तर ते न दिलेल्यांत ६३ टक्के, असे यकृताच्या गाठी असलेल्या मुलांवरील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले, आणि अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सहा तासांचे अंतर येथे कळीचे आहे : तोपर्यंत गाठीपर्यंत जायचे ते औषध गेलेले असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा संबंध तोंड व घशाच्या कर्करोगाशी थेट येतो, कारण तंबाखूमुळे येथे त्याचे प्रमाण मोठे आहे आणि किरणोपचारासोबत दिले जाणारे मुख्य औषध सिसप्लॅटिनच आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम आणि दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम अशा दोन पद्धतींची तुलना झाली; दोन वर्षांनंतर रोग त्याच भागात आटोक्यात राहण्याचे प्रमाण पहिल्या पद्धतीत ५८.५ टक्के, तर दुसऱ्या पद्धतीत ७३.१ टक्के होते, आणि तीव्र दुष्परिणामही दुसऱ्या पद्धतीतच अधिक, ८४.६ टक्के विरुद्ध ७१.६ टक्के, होते. गुण आणि त्रास अजून एकमेकांपासून वेगळे करता आलेले नाहीत, हे या आकड्यांतून दिसते.

ते वेगळे करण्यासाठी ॲल्ब्युमिनच्या बंधनाचाच उपयोग करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. चतुःसंयुजी प्लॅटिनमची संयुगे रक्तात स्थिर राहतात आणि पेशीत गेल्यावर क्षपण होऊन नेहमीच्या द्विसंयुजी रूपात येतात. व्हिएन्नातील बर्नहार्ड केपलर आणि पेट्रा हेफेटर यांच्या गटांनी अशा संयुगांना मॅलेइमाइड गट जोडून ती ॲल्ब्युमिनच्या त्या मोकळ्या ३४ व्या सिस्टीनला मुद्दाम बांधली, तर लिपार्ड यांच्या गटाने मेदाम्लासारखी शेपूट जोडून ॲल्ब्युमिनच्या मेदाम्लांच्या खोबणीत ती बसवली. ॲल्ब्युमिन गाठीत अधिक साचते, या निरीक्षणावर हे प्रयत्न उभे आहेत.

शेवटी प्रश्न उरतो तो प्रथिन हे औषधाचे लक्ष्य असू शकते का, हा. जस्त-अंगुली असलेली प्रथिने, उष्माघात-प्रथिन एचएसपी-९० आणि सेलेनियमयुक्त थायोरेडॉक्सिन रिडक्टेज अशी अनेक नावे पुढे आलेली आहेत, आणि ऑरॅनोफिनसारख्या सोन्याच्या संयुगांच्या बाबतीत शेवटचे नाव चांगल्या पुराव्यावर आधारलेले आहे. सिसप्लॅटिनसाठी मात्र एक साधी कसोटी लावली पाहिजे. त्याच घटकांचा, पण दोन क्लोराइड समोरासमोर असलेला ट्रान्सप्लॅटिन हा रेणू प्रथिनांतील गंधकाला सिसप्लॅटिनइतकाच, बहुधा त्याहून लवकर, बांधला जातो. तरी तो औषध म्हणून निकामी आहे. केवळ बंधनाने गुण येत असता तर तो निकामी ठरला नसता. प्रथिन-लक्ष्याचा दावा करणाऱ्याने म्हणून बंधनाची जागा दाखवून थांबणे पुरेसे नाही. उपचारात गाठल्या जाणाऱ्या प्रमाणात, मिठाच्या द्रावणातील औषधाने, त्या प्रथिनाचे कार्य बिघडते आणि त्या जागेचे अमिनो आम्ल बदलल्यास पेशी वाचते, इतके त्याने दाखवले पाहिजे. आजवरच्या बहुतेक दाव्यांनी हे केलेले नाही.

ऑक्झालिप्लॅटिनच्या बाबतीत परिस्थिती बदलली आहे. पीटर ब्रुनो, मायकेल हेमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की हे औषध सिसप्लॅटिनप्रमाणे मुख्यतः डीएनएच्या हानीने पेशी मारत नाही; रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारी पेशीतील यंत्रे, घडवण्याची प्रक्रियाच ते बिघडवते. सिसप्लॅटिनचे लक्ष्य म्हणून पाठ्यपुस्तकांत डीएनएचे नाव राहणे आजच्या पुराव्यावर योग्यच आहे. ऑक्झालिप्लॅटिनपुढील तेच वाक्य मात्र बदलले पाहिजे.